जहांगीराचा सरडा

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला एक खूळ लागले. तो नाशिकला कॉलेजात शिकतो आणि शनिवारी दिंडोरीला घरी येतो. एका शनिवारी आला तो काचेच्या पेटीची मापे वहीत लिहूनच. त्याला आफ्रिकेतले पिग्मी शॅमेलिऑन पाळायचे होते. एक नर आणि तीन माद्या, असे चार. बोटाएवढे सरडे, अंगाने वाळक्या पानासारखे. वहिनींनी लगेच जाहीर केले, की सरडे एका दाराने आले तर त्या दुसऱ्या दाराने माहेरी जातील. बंधूंनी खर्चाचा आकडा विचारला आणि गप्प झाले. माझा सारा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला, म्हणून निवाडा काकांवर सोपवण्यात आला.

पोराने अभ्यास मात्र केला होता. हे सरडे पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ जंगलात, पालापाचोळ्यात राहतात. त्यांना गारवा आणि ओलावा लागतो. बहुधा ते वाटीतले पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब टिपतात. खाणे म्हणजे जिवंत, बारीक किडे. दोन नर एका पेटीत ठेवले तर भांडतात. नवे आणलेले जनावर काही दिवस वेगळे ठेवून त्याची तब्येत पाहावी लागते, कारण रानातून पकडलेले पुष्कळसे सरडे प्रवासातच खंगलेले असतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ च्या निर्णयाने नियंत्रण आले आहे, आणि आपल्याकडे अशा परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. हे सगळे त्यानेच सांगितले. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पेटीत गारवा कोठून आणणार, या प्रश्नावर मात्र तो अडला.

त्याचे ऐकता ऐकता मला जहांगीर बादशहा आठवला. न्यायाची साखळी, नूरजहान, दारू आणि अफू एवढ्यावर आपण त्याला ओळखतो. परंतु दूरदेशीचे प्राणी मिळवण्याची आणि सांभाळण्याची जेवढी हौस आणि जेवढी ऐपत या माणसाला होती, तेवढी फार थोड्यांना लाभली असेल.

जहांगीराचा जन्म १५६९ चा, फतेपूर सिक्रीचा. शेख सलीम चिश्तींच्या आशीर्वादाने झालेला मुलगा म्हणून अकबराने त्याचे नाव सलीम ठेवले. मुराद आणि दानियाल हे त्याचे दोघे भाऊ दक्षिणेतल्या मोहिमांवर असताना दारूपायी अकाली गेले. सलीमही त्याच वाटेवर होता. दिवसाला कडक दारूचे वीस वीस पेले आपण घेत होतो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. १६०५ मध्ये तो गादीवर आला आणि तुझुक-इ-जहांगिरी ही आपली रोजनिशीवजा आठवणींची वही लिहू लागला. बादशहाच्या वहीत लढाया आणि नजराणे असायचेच. या वहीत त्यांच्या जोडीला पक्षी आहेत, फुले आहेत, हत्ती आहेत.

आम्हा नाशिककरांना १६१२ हे साल जवळचे वाटावे. त्या वर्षी जहांगीराची गुजरातेतली फौज अब्दुल्लाखानाच्या हाताखाली नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने मलिक अंबरावर चालून आली. अंबराच्या स्वारांनी तिला असे सतावले, की खानाला बागलाणातून परत फिरावे लागले. आमच्या भागात बादशहाची फजिती झाली, ती अशी. पण त्याच सुमारास त्याचा दुसरा एक सरदार वेगळ्याच मोहिमेवर होता आणि ती फत्ते झाली. मुकर्रबखानाला हुकूम होता, की गोव्याला जावे आणि फिरंग्यांकडे जे जे दुर्मिळ दिसेल ते किमतीकडे न पाहता घ्यावे.

खान परतला तो नवलाईचे पशुपक्षी घेऊन. त्यांतला एक पक्षी पाहून जहांगीर थक्क झाला. त्याने तो निरखला आणि नोंदला. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. डोके आणि मान घडीत पोवळ्यासारखी लाल, घडीत कापसासारखी पांढरी, घडीत निळसर. रंग पालटण्यात त्याला शॅमेलिऑनची उपमाही दिली. हा पक्षी म्हणजे टर्की. तो अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या हातून गोव्यात पोचलेला. आपला पणजोबा बाबर याने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत, ही उणीव जहांगीराच्या ध्यानात आली. त्याने चित्रकारांना समोर बसवले.

त्याच्या चित्रकारांत मन्सूर हा प्राण्यापक्ष्यांचा बादशहाच होता. त्याच काळातले त्याचे एक चित्र आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. फांदीला घट्ट धरून बसलेला हिरवा शॅमेलिऑन, शेपटीचे वेटोळे, बाहेर आलेला वाटोळा डोळा, अंगावरचा दाणा न् दाणा. सरड्यासमोर इतका वेळ शांतपणे बसणारा चित्रकार आणि त्याला तसे बसू देणारा धनी, या दोघांचेही मला कौतुक वाटते.

प्राणी नुसते मिळवून भागत नाही, त्यांना मानवेल असे ठेवावे लागते, हेही जहांगीराला कळत होते. थंडीत हत्ती गार पाणी अंगावर घेताना कुडकुडतात, हे त्याने पाहिले आणि त्यांच्यासाठी पाणी कोमट करण्याचा हुकूम दिला. अकबराने एके काळी हजार चित्ते बाळगले होते. त्यांची वीण व्हावी म्हणून त्याने गळपट्टे काढून त्यांना बागांत मोकळे सोडून पाहिले, पण उपयोग झाला नाही. जहांगीराच्या काळात मात्र एक नर आपणच गळपट्टा तोडून मादीपाशी गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्ले झाली. बाळगलेल्या चित्त्यांची वीण ही पुढे कित्येक शतके ऐकू न आलेली गोष्ट. लैला-मजनू नावाची सारसांची जोडी त्याने पिल्ले असल्यापासून वाढवली होती. १६१८ मध्ये, गुजरातेत असताना, मादीने अंडी घातली. कोण किती वेळ उबवते, कोण पहारा करते, हे सारे त्याने लिहिले. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी सारसाच्या घरट्यावर नजर ठेवून बसला होता.

येथवर ऐकून पुतण्या खूश झाला. मग मी त्याला वहीची दुसरी पाने सांगितली. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या शिकारींत २८,५३२ जनावरे पडली आणि त्यांतली १७,१६७ आपल्या हाताने मारली, हा हिशेबही याच बादशहाचा. एकदा नीलगाय टप्प्यात असताना एक मोतद्दार आणि दोन कहार मध्येच आले आणि ती निसटली. जहांगीराने मोतद्दाराला तेथेच ठार करवले आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडवल्या. हत्तीचे कुडकुडणे ज्या डोळ्यांना दिसले, त्यांनाच हे पाहवले. बारकाईने पाहता आले म्हणून माणूस दयाळू होतोच असे नाही.

नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने जीव न मारण्याचे व्रत घेतले. पण शुजाचा बाप खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, १६२२ मध्ये बंड करून उठला तेव्हा ते व्रत मोडले. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना बैरमकला येथे शेवटची शिकार झाली. जखमी हरणामागे धावणारा एक प्यादा कड्यावरून कोसळून मेला. त्याच्या आईचा आक्रोश जहांगीराच्या मनाला लागला आणि तो पुन्हा सावरला नाही. काही दिवसांतच, ऑक्टोबरात, वाटेवर त्याला मृत्यू आला. मोतद्दाराला मारताना जे दिसले नव्हते, ते अखेरीला दिसले असावे.

मी निवाडा दिला नाही. एवढेच म्हणालो, की जहांगीराकडे किती प्राणी होते हे कोणाच्या लक्षात नाही, त्याने काय पाहिले ते मात्र चारशे वर्षांनी आपण वाचतो आहोत. पिग्मी सरडे त्यांच्या गार, ओल्या पाचोळ्यात असू देत. आमच्या द्राक्षबागेच्या कडेला बोरीचे कुंपण आहे आणि त्यावर घोयरा असतो, आपला इकडचा शॅमेलिऑन. त्याला १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे. त्याला धरायचे नाही, पेटीत घालायचे नाही, पण पाहायला कोणाची ना नाही.

पुतण्याने पेटीची मापे लिहिलेले पान अजून फाडलेले नाही. पण पुढच्या पानांवर तारखा पडू लागल्या आहेत. पावसानंतर एका दुपारी त्याने मादी कुंपणावरून उतरताना पाहिली. तिने सावकाश माती उकरली, अंडी घातली, खड्डा बुजवला आणि डुलत डुलत निघून गेली. अंडी फुटायला कित्येक महिने लागतात. बंधूंनी गड्याला सांगून ठेवले आहे, की कुंपणाखालची तेवढी जमीन यंदा नांगरायची नाही. वहिनींनीही माहेरचे नाव काढलेले नाही.