अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा आपला रिवाज आहे. जिजाऊ झाल्या, सावित्रीबाई झाल्या, अहिल्याबाई झाल्या. यंदा हे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा भगिनींनी ठेवू नये. ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे त्यांनी गड जिंकला नाही की राज्य चालवले नाही. अडीच-तीन वर्षांच्या मुलापाशी त्या बसल्या, त्याच्याकडे नीट पाहिले, आणि त्या पाहण्यातच त्यांचे सारे आयुष्य गेले. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

हे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. पण त्यांच्या कामातून आलेला एक शब्द आपल्या रोजच्या तोंडात आहे. अंगणवाडी! पोराला अंगणवाडीत सोडून येते, अंगणवाडीतून डोस आला का, अंगणवाडीच्या बाई आल्या होत्या, असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी आपल्याच कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागेच्या उत्तरेला डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी रुजला. तो कसा रुजला हे सांगण्यासाठीच हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या माहेरच्या केळकर. आईवडील प्रार्थना समाजाचे, म्हणजे त्या काळी सुधारक म्हणवणारे. मुलींना शाळेचे तोंडही दिसत नसे अशा दिवसांत ताराबाई शिकल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्या अमरावतीच्या मोडकांच्या घरी गेल्या. पण तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून वेगळ्या झाल्या, तेव्हा प्रभा ही त्यांची मुलगी अगदी लहान होती. आज शंभर वर्षांनंतरही कडेवर पोर घेऊन एकटी निघालेल्या बाईला काय काय ऐकावे लागते ते आपण जाणतोच. मग त्या काळचे काय सांगावे!

ताराबाई रडत बसल्या नाहीत. काठेवाडात राजकोटला मुलींना शिक्षिका करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते. तिथे त्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा, पगारही चांगला. एखादी म्हणाली असती, आता स्वस्थ बसू आणि मुलीला वाढवू. पण तिथून जवळच भावनगरला एक वेगळेच काम चालू होते, आणि त्याची माहिती कळताच ताराबाईंचे मन तिकडे ओढले गेले.

त्या कामाचे नाव दक्षिणामूर्ती बालमंदिर, आणि ते चालवणारे गिजुभाई बधेका. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला वाढवायचे कसे, या विचाराने त्यांनी इटलीच्या मारिया माँटेसरी बाईंची पुस्तके वाचली आणि पुढे वकिली सोडून दिली. डॉक्टर झालेल्या माँटेसरी बाईंनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत मुलांचे घर सुरू केले होते. मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे, त्याला स्वतःच्या हाताने करून पाहण्याची उपजतच ओढ असते. त्याला मारू नये, बक्षिसाची लालूचही दाखवू नये, त्याच्या उंचीच्या वस्तू त्याच्या हाताशी ठेवाव्यात, असे त्यांचे सांगणे. गिजुभाईंनी ते आपल्या मातीत रुजवले. मुलांवरच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना मिशीवाली आई म्हणत. १९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून आपल्या लहानगीसह भावनगरला गेल्या आणि नऊ वर्षे तिथे राहिल्या. १९२६ साली या दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाई गुजरातीत लिहीत. ताराबाईंनी ते सारे ज्ञान मराठीत आणले. शिक्षणपत्रिका नावाच्या मासिकातून त्या आईबापांसाठी सोप्या भाषेत लिहीत राहिल्या.

यापुढे चरित्र थोडे बाजूला ठेवून मी आपल्या घरातले बोलते. कारण ताराबाईंचे म्हणणे समजायला आपल्या स्वयंपाकघराइतकी चांगली जागा नाही.

मला तीन मुले. मधल्या मुलीच्या वेळी आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी ताराबाईंवरचे एक लहान पुस्तक वाचायला दिले होते. तेव्हापासून घरात काही गोष्टी मी ठरवून केल्या. पहिली अशी की, बागुलबुवा आमच्या घरातून कायमचा गेला. जेवत नाही म्हणून पोलिसाला बोलावते, झोपत नाही म्हणून बुवाला देते, असे कोणी म्हणायचे नाही. सासूबाईंना हे प्रथम रुचले नाही, कारण त्यांनी चार मुले बुवाच्या भरवशावरच झोपवली होती. पण नातू अंधारात परसात एकटा जाऊ लागला, तेव्हा त्याही काही बोलल्या नाहीत.

दुसरी गोष्ट खुंटीची. मुलांच्या कपड्यांसाठी एक खुंटी मी त्यांच्या हाताला येईल इतकी खाली ठोकून घेतली, आणि पाण्याचा लहान तांब्या खालच्या फळीवर ठेवला. तीन वर्षांचे मूल पाणी ओतताना निम्मे सांडते. सांडले तर फडके त्याच्याच हाती द्यायचे, ओरडायचे नाही. महिनाभराने सांडणे थांबते. ओतणे, पुसणे, बोळ्यातून बटण काढणे हाच माँटेसरी बाईंच्या शाळेतला अभ्यास होता, आणि त्यासाठी विकतचे सामान लागत नाही.

तिसरी गोष्ट कामाची. बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलायला बसले की, मुले आपणहून येऊन बसतात. साल दाबले की दाणा टुणकन उडतो, त्याचे त्यांना केवढे हसू! बोटांना त्याहून चांगला व्यायाम कोणता? पांढरा कांदा घरात आला म्हणजे त्याच्या माळा बांधायच्या आधी लहानमोठे वेगळे करायचे काम मुलांचे. लहान, मधला, मोठा हे तिन्ही शब्द माझी मुले तिथेच शिकली. समुद्रावरून वेचून आणलेल्या शिंपल्यांवर त्यांनी मोजणी केली. सागरगोटे खेळताना एक, दोन, तीन कोणी शिकवावे लागत नाही.

हे सारे वाचून एखादी भगिनी म्हणेल, हे लिहायला ठीक आहे. खरेच आहे ते! सकाळी सातची एस.टी. गाठायची असते, गॅसवर दूध असते, आणि नेमके तेव्हाच बाळराजांना सदऱ्याची बटणे स्वतः लावायची असतात. ताराबाईंचे म्हणणे पाळायला पैसा लागत नाही, पण वेळ लागतो, आणि वेळच आपल्याजवळ नसतो. मासळी घेऊन बाजारात बसणारीला, दुसऱ्याच्या शेतावर जाणारीला, चार घरची धुणीभांडी करणारीला तर मुळीच नसतो. मग तिच्या मुलाने काय करावे? हा प्रश्न ताराबाईंना पडला, आणि त्यातूनच त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग सुरू झाला.

भावनगरहून त्या मुंबईला आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. बालमंदिर आणि बालशिक्षिका तयार करण्याचे काम तिथे मराठीतून चालू लागले. नाव झाले, मान मिळाला. पण तिथे येणारी मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरची असत. ज्यांच्या घरी खेळणे नाही, पुस्तक नाही आणि दिवसभर आईही नाही, त्यांच्यापर्यंत हे पोचत नव्हते. गांधीजींच्या ग्रामसेवेच्या विचाराचाही मनावर परिणाम होता. अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ज्या वयात आपण गुडघे दुखतात म्हणून जिना टाळतो त्या वयात, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तिथेच त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. पुढे या दोघींची जोडी अखेरपर्यंत सुटली नाही.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. कशी येणार? आई पहाटेच कामाला गेलेली. मुलाला आंघोळ कोण घालणार, केस कोण विंचरणार? शिवाय चार वर्षांच्या मुलीच्या कडेवर वर्षाचा भाऊ. त्याला कोठे ठेवणार? दुसऱ्या कोणी आईबापांच्या नावाने बोटे मोडली असती. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. ज्या अंगणात मुले खेळत होती तिथेच शिक्षिकेने जाऊन बसायचे. आधी नखे कापायची, तोंडे धुवायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. कडेवरचा भाऊही तिथेच रांगे. मुले येतात ती बालवाडी, आणि जी मुलांकडे जाते ती अंगणवाडी, इतका साधा त्याचा अर्थ.

माँटेसरीचे सामान महाग, गावाला ते परवडणारे नव्हते. मग शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, बांबू, माती हेच सामान झाले. किनाऱ्यावरच्या आणि रानातल्या गावात या गोष्टींना काय तोटा!

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. भोवती वारल्यांचे पाडे. तिथली थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेला येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. तान्ह्यांचे पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची शाळा एकाच आवारात भरू लागली, म्हणजे धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरलीची शाळा बुडू नये. त्याला विकासवाडी असे नाव होते. मला स्वतःला ही गोष्ट सर्वात मोलाची वाटते. कारण घरात दुसरे मूल आले की, थोरल्या मुलीचे बालपण त्याच दिवशी संपते, हे आपण आपल्या माहेरी पाहिले आहे. काहीजणींनी ते भोगलेही आहे.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी असेच राहिले. आज ती गावोगाव आहे. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली देहावसान होईपर्यंत सांभाळले.

आता शेवटचे थोडे. माझा धाकटा साडेतीन वर्षांचा असताना एका शाळेत त्याला दाखल करायला गेले. तिथे त्याला पन्नासपर्यंत आकडे लिहायला सांगितले. त्याच्या हाताला पेन्सिल धरवेना, आणि तो माझ्या पदरात तोंड लपवून उभा राहिला. नातेवाईक म्हणाले, शिकवणी लावा, नाहीतर पोर मागे पडेल. आम्ही उभयतांनी विचार केला आणि सहा वर्षे पुरी होईपर्यंत त्याला अंगणवाडीतच ठेवले. तिथे तो गाणी शिकला, डबा वाटून खायला शिकला, माती कालवायला शिकला. आज तो सहावीत आहे आणि त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. सगळ्यांनी तसेच करावे असे मी म्हणत नाही. ज्याचे घर त्याला ठाऊक. पण तीन वर्षांच्या मुलाच्या हातात भिजलेले वाल द्यावेत की मोबाइल द्यावा, हे तरी आपल्या हातात आहे.

आणखी एक विनंती मंडळाला करावीशी वाटते. आपल्या भागातल्या अंगणवाडीच्या बाईंना आणि मदतनीस बाईंना वजन, डोस, आहार, नोंदवह्या यांतून मुलांना गोष्ट सांगायला फुरसत मिळत नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले आता मोठी झाली आहेत आणि दुपारचा तास मोकळा असतो. एखाद्या सकाळचाही काढता येईल. त्यांची परवानगी घेऊन आठवड्यातून एक दिवस दोघीदोघींनी पाळीने जावे, एक गोष्ट सांगावी, दोन गाणी म्हणावीत, जाताना करवंटीभर शिंपले न्यावेत. वर्धापनदिनाच्या सभेत पाळ्यांची यादी करू. पहिल्या आठवड्यासाठी माझे नाव लिहावे.