मणिकर्णिकेच्या तीरी पूर्ण झालेला ग्रंथ आणि नाथांचे कीर्तन

संत एकनाथ महाराज म्हटले की पैठण आणि गोदावरी डोळ्यांसमोर येते. पण त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ, म्हणजे एकनाथी भागवत, पूर्ण झाला तो काशीत. मणिकर्णिकेच्या तीरी, पंचमुद्रा नावाच्या पीठात बसून आपण हे लेखन संपवले, अशी नोंद नाथांनी स्वतःच ग्रंथाच्या शेवटी करून ठेवली आहे. विक्रम संवत् १६३०, म्हणजे इसवी सन १५७३ ची कार्तिक पौर्णिमा होती ती.

मणिकर्णिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या नोंदीचे आश्चर्य वाटेल. तिथे रात्रंदिवस चिता जळतात. लाकडांचे ढीग, धूर, ‘राम नाम’ म्हणत येणाऱ्या तिरड्या आणि शेजारी स्नानाला आलेल्या यात्रेकरूंची गर्दी. असा परिसर जवळ असताना हजारो ओव्या लिहायच्या, म्हणजे मनाची बैठक किती पक्की असली पाहिजे! ही बैठक नाथांना कुठे मिळाली आणि पुढे कीर्तनाला उभे राहताना ती त्यांच्या कशी उपयोगी पडली, हे साधकांनी आवर्जून पाहण्यासारखे आहे. विशेषतः जे भजन-कीर्तन करतात त्यांनी.

देवगिरीवरचा हिशेब

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ चा. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा आजोबा चक्रपाणींनी त्यांना सांभाळले. बालवयातच ते घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. दरबारचे काम आणि उपासना दोन्ही ते एकाच शिस्तीने करत. नाथांकडे त्यांनी हिशेबाचे काम सोपवले.

पुढची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. एका रात्री हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ दिव्यापाशी बसले आणि किती प्रहर गेले याचे त्यांना भान राहिले नाही. चूक सापडली, तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागे उभे राहून पाहत होते. एका पैसाठी चित्त इतके एकाग्र होते, तर ते भगवंताकडे लावल्यास काय होईल, असे त्यांनी शिष्याला समजावले. मग शूलभंजन पर्वतावर अनुष्ठान करण्याची आज्ञा झाली.

ही कथा आपण नेहमी गुरुकृपेची म्हणून सांगतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहज निसटते. स्वामींनी नाथांना एकाग्रता नव्याने शिकवली नाही. ती त्यांच्यात होतीच, स्वामींनी फक्त तिचा विषय बदलला. गायला बसताना मन लागत नाही, अशी तक्रार आपण करतो. तेच मन दुसऱ्या कशात तरी न सांगता लागलेले असते.

काशीचे बोलावणे

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली. पैठणला परतल्यावर वैजापूरच्या गिरिजाबाईंशी विवाह झाला आणि नाथांचा वाडा कीर्तन-पुराणाने भरून गेला. भागवताच्या एकादश स्कंधावर ते मराठीत टीका लिहू लागले. परंपरा सांगते की, सुरुवातीच्या काही अध्यायांची प्रत काशीला पोहोचली आणि तिथले विद्वान संतापले. भागवतासारखा ग्रंथ प्राकृतात कसा काय आणला, याचा जाब विचारण्यासाठी नाथांना काशीला बोलावणे आले.

पैठणहून काशी म्हणजे महिन्यांचा प्रवास आणि समोर उभी ठाकलेली विद्वत्सभा. तिचा निर्णय विरुद्ध गेला असता, तर नाथांचा ग्रंथ तिथेच संपला असता आणि ज्यांना संस्कृत येत नाही त्यांच्यासाठी भागवताचे दार पुन्हा बंद झाले असते. नाथांनी वाद वाढवला नाही. संस्कृत देवाने केली, तर प्राकृत कुणी निर्माण केली, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच अध्यायात विचारून ठेवला होता. काशीत त्यांनी पुढचे अध्याय लिहायला घेतले. लिहिलेले ऐकवत गेले, तसा विरोध विरघळत गेला. ३१ अध्याय, सुमारे १८,८०० ओव्या. ग्रंथ पूर्ण झाल्यावर काशीकरांनी त्याची मिरवणूक काढली, असे सांगतात.

प्रतिकूल श्रोत्यांपुढे उभे राहणे हा प्रत्येक गाणाऱ्याच्या वाट्याला येणारा प्रसंग आहे. समोरचा चुका काढायला बसला आहे हे कळले की आवाज आखडतो, श्वास वर चढतो आणि पाठ असलेली ओळही आठवत नाही. त्या क्षणी मन देवाकडून निघून श्रोत्याच्या चेहऱ्यावर जाऊन बसलेले असते.

कीर्तनाची मर्यादा

नाथांनी यावर एक उपाय लिहून ठेवला आहे. कीर्तनाची मर्यादा सांगणारा त्यांचा अभंग वारकरी आणि नारदीय दोन्ही परंपरांत प्रमाण मानला जातो. त्यात सूर, ताल, आवाज यांविषयी फारसे काही नाही. नाथ सांगतात की, भगवंताची सगुण चरित्रे आदराने वर्णावीत. आधी सज्जनांना मनापासून वंदन करावे. अंतःकरणात प्रेम भरून आले की नाम गावे, आनंदात डोलावे. भक्तिज्ञानाखेरीज दुसऱ्या गोष्टी काढू नयेत. आणि ऐकणाऱ्याच्या अंतरात हरीची मूर्ती ठसेल, असेच बोलावे.

आधी वंदन का? कीर्तनकार नारदांच्या गादीवर उभा राहतो, सगळे त्याच्याकडे पाहत असतात आणि नेमका तिथेच अहंकार डोके वर काढतो. समोर बसलेल्यांत सज्जन पाहून नमस्कार केला की परीक्षक उरत नाही. सगुण चरित्र आधी का? मनाला धरायला आकार लागतो. आजही भजनाच्या आरंभी नामघोष आणि रूपाचा अभंग घेतात. विटेवरची मूर्ती डोळ्यांपुढे आली की चित्त तिथे टेकते, टाळांच्या ठेक्याने श्वास एका लयीत येतो. विषयाचे निरूपण त्यानंतर.

मला सर्वांत अवघड वाटतात ती नाथांची भारुडे. जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या अशी किती तरी सोंगे त्यांत आहेत. लोक हसतात. हसू आले की ते आणखी यावे असा मोह गाणाऱ्याला होतो आणि सोंगच खरे होऊन बसते. नाथ भारुडाच्या शेवटी जनार्दनाचे नाव घेऊन परत येतात. गोंधळी होऊन नाचतानाही परतीची वाट त्यांच्या ध्यानात असते. हे आवाजाच्या रियाजाने साधत नाही.

घरातली परीक्षा याहून कठीण होती. त्यांचे पुत्र हरिपंडित संस्कृतचे गाढे विद्वान होते. वडिलांचे मराठी पुराण आणि कुणाच्याही घरी जेवणे त्यांना पटेना, म्हणून ते काशीलाच जाऊन राहिले. नाथ त्यांना आणायला गेले. आपण मराठीतून पुराण सांगणार नाही आणि परान्न घेणार नाही, या अटी त्यांनी मान्य केल्या. काशीच्या विद्वानांपुढे न थांबलेले नाथ मुलाच्या शब्दाखातर गप्प बसले. मग हरिपंडित पुराण सांगू लागले आणि श्रोते रोज कमी होत गेले. नाथ श्रोत्यांत बसून ऐकत होते. पुढे हरिपंडितांनाच उमगले आणि त्यांनी वडिलांना पुन्हा पुराण सांगण्याची विनंती केली.

नाथांची शेवटची सेवाही कीर्तनाचीच होती. १५९९ मधील फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजे जनार्दनस्वामींच्या निर्याणाचीही तिथी. त्या दिवशी वाळवंटात कीर्तन झाले आणि नाथ गोदावरीच्या पात्रात शिरले. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात, अष्टमीला काला होतो आणि त्याच वाळवंटात कीर्तनाला लोक उभे राहतात.