विश्लेषण : सामने जिंकून देणारे पालवणकर बाळू कर्णधार का होऊ शकले नाहीत?

डिसेंबर १९२३ मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने युरोपीय संघाला हरवले. विजयी कर्णधार होते पालवणकर विठ्ठल. पण हा मान मिळावा म्हणून पालवणकर घराण्याला सुमारे दोन दशके वाट पाहावी लागली. विठ्ठल यांचे थोरले बंधू बाळू हे त्या काळातील देशातील सर्वोत्तम गोलंदाज मानले जात. तरी ते कधीच या संघाचे अधिकृत कर्णधार झाले नाहीत. असे का घडले?

बाळू कोण होते?

पालवणकर बाळू यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पालवण हे रत्नागिरी जिल्ह्यातील त्यांचे मूळ गाव. वडील लष्करात नोकरीला असल्याने बालपण पुण्यात गेले. तेथे पारशांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये त्यांना खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचे काम मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपीयांच्या पूना क्लबमध्ये ते चार रुपयांवर लागले. तेथे इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. जे. जी. ग्रेग हा नावाजलेला फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास सराव करून घेत असे. फलंदाजी करण्याची संधी मात्र बाळूंना तेथे जवळपास मिळालीच नाही.

संघात घेतले, पण पंगतीत?

पुण्यातील हिंदू संघाला युरोपीयांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंची गोलंदाजी हवी होती. त्यामुळे त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत असे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे असे. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे या विसंगतीवर बोट ठेवले होते. प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले.

१९०६ चा सामना महत्त्वाचा का?

मुंबईत तेव्हा क्रिकेटचे संघ धर्मानुसार बनत. १८९२ पासून युरोपीय आणि पारशी संघांचे सामने होत होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीयांना आव्हान दिले. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, तर युरोपीय संघाचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९०७ पासून हिंदू संघ आल्याने स्पर्धा तिरंगी झाली आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी.

इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले, पण बाळूंनी दौऱ्यात तब्बल ११४ बळी घेतले. धाकटे बंधू शिवराम हेही या संघात होते. मुंबईत परतल्यावर बाळूंचा सत्कार झाला. तेव्हा महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान वाटत होता.

कर्णधारपदाचा वाद काय होता?

गोलंदाजी आणि अनुभव पाहता बाळूंचा दावा भक्कम होता. कर्णधारपद मात्र दरवेळी सवर्ण खेळाडूकडेच गेले. १९२० मध्ये बाळूंना संघातूनच वगळले आणि नेतृत्व एम. डी. पै यांना दिले. पै आजारी पडल्यावर ज्येष्ठ विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांची निवड झाली. विठ्ठल आणि शिवराम यांनी माघार घेतली आणि कारण जाहीरपणे मांडले. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाची हाक दिली गेली. लोकमत बदलत होते. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले गेले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर राहिले, तेव्हा बाळूंनी संघ सांभाळला. ४४ व्या वर्षी त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच. तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले, तो १९२० च्या बाणेदारपणाचाच परिणाम म्हणावा लागेल.

राजकारणात कोणती बाजू घेतली?

बाळूंचा मार्ग आंबेडकरांपेक्षा वेगळा होता. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघ हवेत, असे त्यांचे मत होते. त्यामुळे १९३२ मध्ये एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांच्या कराराला त्यांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षीच्या पुणे करारावरही त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. पुढे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्यासमोर आंबेडकरांनाही पराभव पत्करावा लागला. लोकप्रियता आणि मते यांचे गणित दोघांनाही चुकले.

त्यांची आठवण का ठेवायची?

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी आणि १५.२१ ची सरासरी, ही त्यांची कामगिरी आजही थक्क करते. धर्मावर आधारलेली मुंबईची ती स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडली. पण संघात जागा देणे आणि बरोबरीचा मान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाळूंच्या कारकिर्दीने दाखवून दिले. पहिली गोष्ट त्यांना गुणांमुळे मिळाली. दुसरीसाठी त्यांच्या भावांना संघाबाहेर बसावे लागले.