सरांची ‘कॉपी’ आणि सार्जंट

शाळेत ‘कॉपी’ हा शब्द म्हणजे गुन्हा! त्यामुळे नववीत चित्रकलेच्या सरांनी एका जुन्या तैलचित्रातला छापील चेहरा पुढे ठेवून तो तीनदा उतरवायला लावला, तेव्हा मी मनातून रुसलो होतो. स्वतःचं काही काढू देत नाहीत, एवढंच मला दिसलं. निवृत्तीनंतर तैलरंग हाती घेतले, जॉन सिंगर सार्जंटचं चरित्र वाचलं आणि रुसवा गळाला.

सार्जंट १८५६ साली फ्लॉरेन्सला अमेरिकन आईवडिलांच्या पोटी जन्मला. कुटुंब युरोपभर फिरतं. त्यामुळे नियमित शाळा अशी त्याला फारशी मिळालीच नाही. १८७४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो पॅरिसला कॅरोलस-ड्युरान यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. रेखाटनात अडकू नका, थेट कुंचल्यानं छटा मांडा, ही गुरूंची शिकवण. आणि त्यांचं दैवत स्पेनचा व्हेलाझक्वेझ.

१८७९ मध्ये गुरूंचंच व्यक्तिचित्र पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात मांडून सार्जंटनं नाव मिळवलं. आणि त्याच वर्षी हा गडी माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात नकला करायला बसला! व्हेलाझक्वेझचं ‘लास मेनिनास’ तीन मीटरहून उंच. सार्जंटनं त्याची लहान प्रत केली. पुढच्या वर्षी हॉलंडमध्ये हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्सची चित्रं उतरवली.

याचं फळ १८८२ मध्ये दिसलं. बॉइट कुटुंबातल्या चार बहिणींचं चित्र त्यानं केलं. मागची अंधारी खोली, मुलींमधलं मोकळं अंतर ही व्हेलाझक्वेझची देणगी; पण मुली पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या. १८८४ मध्ये ‘मादाम एक्स’वरून पॅरिसमध्ये गहजब झाला, तेव्हा तो लंडनला गेला आणि तिथं आपल्या काळातला अग्रगण्य व्यक्तिचित्रकार ठरला. १९२५ मध्ये तिथंच त्याचं निधन झालं.

सध्या मी ‘लास मेनिनास’मधल्या छोट्या राजकन्येचा चेहरा छापील चित्रावरून उतरवतो आहे. गालाची कड कुठं संपते, हे शोधण्यात आठवडा गेला. नुसतं पाहून हे कधीच कळलं नसतं. सर तेव्हा हात नव्हे, माझा डोळा घडवत होते. ते आज आपल्यात नाहीत. वर्गातल्या त्या रुसव्याची माफी या स्मरणिकेतून मागतो.