मिगारमाता विशाखा

उपासक-उपासिकांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी असे घडले असेल. सून धम्म स्वीकारलेल्या घरातून आली, त्रिसरण-पंचशील तिला तोंडपाठ. सासरी मात्र देव्हाऱ्यात जुने टाक तसेच, आणि सासरा जुन्या वळणाचा. अशा सुनेने काय करावे? रोज भांडावे, की मुकाट्याने हात जोडावेत? सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हाच पेच पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीपुढे पडला होता. तिचे नाव विशाखा. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भगवंतांच्या दानशूर उपासकांमध्ये तिला जागा आहे, त्यामुळे नाव तुम्ही ऐकले असेल. तिचा संसार मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो विनयपिटक, उदान आणि धम्मपदाची अट्ठकथा यांतून जुळवून घ्यावा लागतो.

विशाखा अंग देशातल्या भद्दिय या गावची. अंग म्हणजे आजच्या बिहारातला भागलपूर-मुंगेरकडचा मुलूख. आजोबा मेंडक, वडील धनंजय, आई सुमनादेवी. घर धनिकाचे होते. ती सात वर्षांची असताना भगवान बुद्ध भद्दियला आले. आजोबांनी नातीला मैत्रिणींसह रथातून दर्शनाला पाठवले. पोर काही अंतरावर रथातून उतरली आणि पायी चालत गेली. तिथे ऐकलेला उपदेश तिने जन्मभर सोडला नाही. पुढे कोसलच्या पसेनदि राजाच्या विनंतीवरून धनंजय त्याच्या राज्यात येऊन साकेतला राहिले, आणि विशाखेचे लग्न श्रावस्तीच्या मिगार श्रेष्ठीच्या मुलाशी, पुण्णवड्ढनाशी ठरले.

लग्नात बापाने तिला महालता नावाचा रत्नजडित दागिना घातला. त्याची किंमत नऊ कोटी होती असे अट्ठकथा सांगते. कथाकारांचे आकडे आपण जरा हात राखून घ्यावेत. त्या दागिन्यापेक्षा बापाने केलेली दुसरी तजवीज मोलाची होती. श्रावस्तीहून आलेल्यांपैकी आठ जाणत्या गृहस्थांना त्याने सांगून ठेवले की, माझ्या मुलीवर काही ठपका आला तर चौकशी तुम्ही करावी. मुलीला दागिने देणारे बाप पुष्कळ असतात. तिची बाजू ऐकून घेणारे पंच नेमून देणारा बाप विरळा.

मिगार दुसऱ्या पंथाच्या निर्वस्त्र साधूंचा भक्त होता. त्याने सुनेला त्यांच्या पाया पडायला बोलावले. अर्हत आले आहेत असे ऐकून ती आनंदाने आली, पण समोरचे पाहून नमस्कार न करताच माघारी फिरली. साधू चिडले. या सुनेला घालवून दे म्हणाले. सासऱ्याने वेळ मारून नेली, पण मनात अढी राहिली.

एके दिवशी मिगार सोन्याच्या ताटात खीर खात होता. विशाखा पंख्याने वारा घालत होती. दारात एक भिक्खू येऊन उभा राहिला. सासऱ्याला तो दिसावा म्हणून ती बाजूला सरली. मिगारने पाहिले, पण न पाहिल्यासारखे करून तो खाली मान घालून खात राहिला. तेव्हा तिने भिक्खूला पुढे जायला सांगितले आणि वर म्हणाली की, माझे मामंजी शिळे खात आहेत.

मिगारने ताट ढकलले आणि तिला घराबाहेर काढायचा हुकूम सोडला. ती जागची हलली नाही. मी पाणवठ्यावरून उचलून आणलेली दासी नव्हे, आधी ते आठ जण बोलवा, असे तिने बजावले. पंच बसले. शिळ्याचा अर्थ तिने सांगितला : मामंजी पूर्वीच्या कुशल कर्माचे फळ खात आहेत, त्यात नवे काही घालीत नाहीत. मग मिगारने दुसरा आरोप काढला की ही रात्री घराबाहेर गेली होती. चांगल्या जातीची घोडी विणार होती, म्हणून दासींसह मशाली घेऊन मी तबेल्यात गेले होते, असे तिने सांगितले. मग बापाने दिलेल्या शिकवणुकीवर बोट ठेवले गेले. आतला विस्तव बाहेर देऊ नये असे बाप म्हणाला होता. शेजाऱ्याला विस्तव दिल्याशिवाय का कुणाचा संसार चालतो, असे मिगारचे म्हणणे. विस्तव म्हणजे चुलीतला नव्हे, घरातली उणीदुणी चार घरी नेऊ नयेत असा त्याचा अर्थ, हे तिने उलगडून दाखवले. त्याच शिकवणुकीत सासू, सासरा आणि नवरा यांना दैवत मानावे असेही आहे. तेवढे आज आपण उचलण्याचे कारण नाही, आणि खुद्द विशाखेनेही सासऱ्यापुढे दैवतापुढे वागावे तशी मान तुकवलेली दिसत नाही.

पंचांनी तिला निर्दोष ठरवले. मग मात्र तिने स्वतःच माहेरी निघायची तयारी केली. ठपका असताना ती गेली नव्हती. तो पुसला गेल्यावर जायला मोकळी झाली. मिगारने क्षमा मागितली. ती राहिली ती एका अटीवर : भिक्खुसंघाला या घरात भोजनाला बोलवायचे. तथागत आले. मिगार पडद्याआड बसून होता. उपदेश पडद्यातूनही ऐकू येतोच. तो संपला तेव्हा त्याने बाहेर येऊन सुनेला आई म्हटले. त्या दिवसापासून ती मिगारमाता.

पुढच्या आयुष्यात तिने खूप दान केले. पण तिचे डोळे कुठे असत ते पाहा. एकदा पावसात भिक्खू उघडे न्हात असल्याचे दासीकडून कळले, तेव्हा तिने भगवंतांकडे आठ गोष्टींची परवानगी मागितली. पावसाळ्यासाठी वस्त्रे, नव्याने आलेल्या भिक्खूला भोजन, कारण त्याला गावातल्या गल्ल्या ठाऊक नसतात. प्रवासाला निघालेल्याला भोजन, कारण भिक्षेत वेळ गेला तर तांडा चुकतो. आजाऱ्याला पथ्याचे अन्न, त्याची शुश्रूषा करणाऱ्याला अन्न, औषध, रोजची पेज, आणि भिक्खुणींना स्नानवस्त्र. घर चालवणाऱ्या बाईलाच सुचावी अशी ही यादी आहे.

महालता दागिना एकदा विहारात विसरून राहिला. आनंदांनी तो उचलून ठेवला. मग तिने तो परत अंगावर घातला नाही. विकायला काढला, घेणारा मिळेना, तेव्हा स्वतःच किंमत भरून त्या पैशातून श्रावस्तीच्या पूर्वेला पुब्बाराम विहार बांधला. तिची एक मैत्रीण तिथे अंथरायला भारी वस्त्र घेऊन आली. सगळीकडे त्याहून उंची आंथरुणे पाहून बिचारी रडू लागली. आनंदांनी तिला जिन्याच्या पायथ्याची जागा दाखवली, जिथे भिक्खू पाय पुसून वर जातात.

विनयात आणखी एक प्रसंग आहे. उदायी नावाचा भिक्खू एका तरुण स्त्रीजवळ एकांतात बसलेला विशाखेला दिसला. मन शुद्ध असले तरी हे योग्य नाही, लोकांना पटवणे कठीण, असे तिने त्याला तोंडावर सांगितले. त्याने ऐकले नाही, तेव्हा तिने इतर भिक्खूंना कळवले. त्यातून नियम झाला की, विश्वासार्ह उपासिकेने असे पाहून सांगितले तर संघाने तिच्या सांगण्यावरून भिक्खूच्या दोषाचा विचार करावा. चीवरधाऱ्याविरुद्ध लुगड्यातल्या बाईचा शब्द! पातिमोक्खात हा नियम आजही आहे.

तिला दहा मुलगे, दहा मुली. लेकरे-नातवंडे धडधाकट, म्हणून मंगलप्रसंगी लोक आधी तिला जेवू घालीत. पण एक लाडकी नात गेली. ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी ती भरदुपारी भगवंतांकडे आली. श्रावस्तीत माणसे आहेत तितकी मुले-नातवंडे तुला हवीत का, असे त्यांनी विचारले. ती हो म्हणाली. मग रोज किती माणसे मरतात, असे त्यांनी विचारले. कधी दहा, कधी एक. एकही मेला नाही असा दिवस नसतो, असे ती म्हणाली. म्हणजे तुझी वस्त्रे कधीच सुकणार नाहीत, हे तिला सांगावे लागले नाही.

अट्ठकथा म्हणते की ती १२० वर्षे जगली, आणि नातवंडा-पतवंडांच्या घोळक्यात विशाखा कोणती हे नवख्याला ओळखू येत नसे. विहारात ती दिवसातून दोनदा जाई, सकाळी खाण्याचे घेऊन आणि दुपारनंतर औषध व पेय घेऊन. रिकाम्या हाताने कधी गेली नाही, कारण लहान सामणेर तिच्या हाताकडे बघत असत.