खोक्याच्या फळ्यांना प्रतिष्ठा देणारा सुतार

लाकडाचा सांधा जितका नजरेआड, तितका कारागीर थोर, हा सुतारकामातील जुना दंडक. कुसू कोठे संपले आणि खाच कोठे सुरू झाली हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये, अशी शिकवण वडील मुलाला आणि उस्ताद उमेदवाराला देत आला. सांधा झाकण्याची ही विद्या वर्षानुवर्षांच्या सरावाने साधते आणि म्हणूनच ती ज्याच्या हाती असते, त्याच्याकडेच राहते. विसाव्या शतकातील प्रख्यात डच वास्तुरचनाकार आणि फर्निचरकार गेरिट रीटवेल्ड हे याच परंपरेत जन्मले, वाढले आणि त्यात पारंगत झाले. मात्र त्यांनी आयुष्यभर केले ते नेमके उलटे. त्यांनी सांधे उघडे केले, सोपे केले. अखेरीस १९३४ मध्ये त्यांनी अशी खुर्ची बाजारात आणली, जी हाती कधी करवतही न धरलेल्या माणसाने फळ्या घरी नेऊन स्वतःच जोडावयाची होती.

वडिलांचे दुकान

रीटवेल्ड यांचा जन्म २४ जून १८८८ रोजी नेदरलँड्समधील युट्रेक्ट या शहरी झाला. वडील योहानेस हे फर्निचर बनविणारे सुतार. घरातील वातावरण धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट आणि शिस्तीचे होते. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी गेरिट यांची शाळा सुटली आणि ते वडिलांच्या दुकानात काम करू लागले. रंधा मारणे, पटाशीने खाच पाडणे, सरस लावणे ही कामे त्यांनी त्या कोवळ्या वयात आत्मसात केली. त्या काळी श्रीमंतांच्या घरी जुन्या शैलीचे, कोरीवकामाने नटलेले, जड फर्निचर असे आणि वडिलांच्या दुकानातही त्याच धाटणीचे काम चाले.

या चौकटीत त्यांचे मन रमले नाही. दिवसा काम आणि संध्याकाळी रेखाटनाचे वर्ग असा त्यांचा क्रम सुरू झाला. काही वर्षे त्यांनी युट्रेक्टमधील एका सुवर्णकाराच्या पेढीत आरेखक म्हणून नोकरी केली. १९११ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढे या दांपत्याला सहा अपत्ये झाली. याच सुमारास वास्तुरचनाकार पी. जे. सी. क्लारहामर यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जे शिकले ते हाताने काम करीत आणि संध्याकाळच्या वर्गांत. १९१७ मध्ये त्यांनी वडिलांपासून वेगळे होऊन युट्रेक्टमध्ये स्वतःचे छोटे दुकान थाटले.

पट्ट्यांची खुर्ची

या दुकानात १९१८ च्या सुमारास एक खुर्ची तयार झाली. चौकोनी छेदाच्या काही सरळ पट्ट्या, बसण्यासाठी एक फळी आणि पाठीसाठी दुसरी फळी, एवढेच तिचे साहित्य. कोठे वळण नाही, नक्षी नाही, गादी नाही. सुरुवातीला ती रंगविलेलीही नव्हती. साधारणपणे १९२३ मध्ये तिला रंग मिळाले. पाठ लाल, बैठक निळी, पट्ट्या काळ्या आणि पट्ट्यांची कापलेली टोके पिवळी. ‘लाल-निळी खुर्ची’ या नावाने आज ती जगभर ओळखली जाते.

रंगांमुळे ती प्रसिद्ध झाली असली, तरी तिचे खरे नावीन्य जोडणीत आहे. नेहमीच्या खुर्चीत एक लाकूड दुसऱ्यात शिरते. एकाला कुसू काढावे लागते, दुसऱ्याला खाच पाडावी लागते. त्यामुळे सांध्याच्या जागी लाकूड पातळ होते आणि मापात केसाचा फरक पडला, तरी सांधा ढिला राहतो. रीटवेल्ड यांनी पट्ट्या एकमेकींत घुसविल्याच नाहीत. तीन दिशांनी आलेल्या तीन पट्ट्या एकमेकींना केवळ खेटून पुढे जातात आणि आतल्या लाकडी खुंट्या त्यांना जखडून ठेवतात. कोणतीही पट्टी कापून दुबळी केली जात नाही. तिचे टोक सांध्याच्या थोडे पलीकडे आलेले असते, त्यामुळे कोणता भाग कोठे टेकला आहे, हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात समजते. फर्निचरच्या अभ्यासकांनी या जोडणीला पुढे ‘रीटवेल्ड सांधा’ असेच नाव दिले.

यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच हिशेबही होता. यंत्रावर एकाच जाडीच्या पट्ट्या कापून ठेवल्या, तर कुशल कारागिराचे दिवसच्या दिवस वाचतील आणि चांगली वस्तू सामान्यांच्या आवाक्यात येईल, असा त्यांचा विचार होता. रंग न दिलेल्या खुर्चीचे छायाचित्र १९१९ मध्ये ‘डी स्टाइल’ या नियतकालिकात छापून आले. थिओ व्हान डूसबर्ग यांनी सुरू केलेल्या या नियतकालिकाभोवती जमलेल्या मंडळींत चित्रकार पीट मॉन्ड्रिआन यांचाही समावेश होता. युट्रेक्टचा एक सुतार अशा रीतीने युरोपातील आधुनिक कलाचळवळीच्या पहिल्या फळीत जाऊन बसला.

श्रोडर यांचे घर

१९२३ मध्ये ट्रूस श्रोडर यांच्या वकील पतीचे निधन झाले. पदरी तीन मुले असलेल्या या सुविद्य महिलेने नवे घर बांधण्याचे काम रीटवेल्ड यांच्याकडे सोपविले. त्यांची एक खोली रीटवेल्ड यांनी पूर्वी सजविली होती. मात्र संपूर्ण घर उभारण्याची रीटवेल्ड यांची ही पहिलीच वेळ होती. १९२४ मध्ये युट्रेक्टच्या प्रिन्स हेंड्रिक मार्गावर, विटांच्या जुन्या घरांच्या ओळीच्या टोकाला हे घर उभे राहिले. वरच्या मजल्यावर पक्क्या भिंती नाहीत. सरकत्या पडद्या ओढल्या की खोल्या तयार होतात आणि बाजूला सारल्या की सलग दालन होते. बांधकामाच्या नियमांत हे बसत नसल्याने नकाशात हा मजला चक्क माळा म्हणून दाखविण्यात आला होता. या रचनेत श्रोडर यांचा वाटा बरोबरीचा होता आणि पुढेही अनेक कामांत त्या रीटवेल्ड यांच्या सहकारी राहिल्या. २००० मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

याच सुमारास दुकानाची सूत्रे त्यांनी आपले तरुण सहकारी गेरार्ड व्हान डी ग्रूनेकान यांच्याकडे दिली आणि स्वतः वास्तुरचनेकडे वळले. तथापि सुताराचा हात आणि सुताराचे डोके त्यांनी कधी सोडले नाही. इमारतीपेक्षाही खुर्चीतच ते नवी कल्पना आधी पारखून पाहत.

मंदीतील पेटी

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने नेदरलँड्सलाही ग्रासले. बेकारी वाढली आणि नवे फर्निचर विकत घेणे अनेक कुटुंबांना परवडेनासे झाले. श्रीमंतांसाठी एक-एक वस्तू घडविणाऱ्या कारागिराने अशा वेळी काय करावे, हा प्रश्न रीटवेल्ड यांच्यापुढे उभा होता. त्यांचे उत्तर १९३४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या मेट्झ अँड कंपनी या प्रतिष्ठित दुकानात दिसले. मालवाहतुकीची खोकी ज्या स्वस्त, मऊ लाकडाची बनवितात, त्याच लाकडाच्या फळ्यांचे ते फर्निचर होते. बुटकी आरामखुर्ची, टेबल, लिहिण्याचे मेज, पुस्तकांची मांडणी असे त्याचे प्रकार होते. योग्य मापात कापलेल्या फळ्या सुट्या स्वरूपात मिळत आणि गिऱ्हाइकाने त्या घरी नेऊन स्क्रूंनी जोडावयाच्या असत.

या फर्निचरची रचना नवशिक्याला सांभाळून घेणारी होती. त्यात कुसू नाही, खाच नाही, तिरका काप जुळविण्याची कसरत नाही. एक फळी दुसरीवर सपाट टेकते आणि स्क्रू तिला धरून ठेवतो. स्क्रूची डोकी झाकलेलीही नाहीत. सांधा चुकला तर स्क्रू काढून पुन्हा बसविता येतो. सरसाने चिकटविलेल्या सांध्यात ती सोय नसते. सुटी फळी मोडली, तर तेवढीच बदलता येते. रंग लावावा की न लावावा, हेही घरमालकाने ठरवावे.

घरी प्रथमच फर्निचर जोडणाऱ्याच्या चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. पहिली, फळीच्या टोकाजवळ थेट स्क्रू पिळल्याने मऊ लाकूड रेषेत चिरते. आधी गिरमिटाने स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडले, तर हे टळते. दुसरी, चौकट काटकोनात न राहता तिरपी होते आणि खुर्ची डुगडुगते. गुण्या लावून किंवा चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे करून घेतले, म्हणजे हा दोष उरत नाही. रीटवेल्ड यांच्या रचनेत सर्व फळ्या सरळ आणि आधीच मापात कापलेल्या असल्याने मोजण्याची व कापण्याची सर्वांत मोठी जोखीम गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतच नव्हती. त्याच्या हाती उरत होते ते केवळ जोडणे.

अर्थात, हे सर्वांना रुचले नाही. खोक्याच्या लाकडाला फर्निचर म्हणणे हा कारागिरीचा अवमान आहे, अशी टीका झाली. त्यावर रीटवेल्ड यांनी दिलेले उत्तर एका जाणकार सुताराचे होते. उंची लाकडाचे, उत्तम घडविलेले फर्निचर दूर पाठवायचे झाल्यास ते खोक्यात बंद करूनच पाठवितात. वाटेत अनेकदा आतील मौल्यवान वस्तू मोडते, खोके मात्र शाबूत राहते. मग त्या खोक्याची जोडणी कमी प्रतीची कशी मानावयाची, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिष्ठा झिलईवरून न ठरविता कामावरून ठरवावी, हे त्यांचे म्हणणे त्या वेळच्या फर्निचर व्यवसायाला पचविणे सोपे नव्हते.

सोपे दिसणारे अवघड

याच काळात त्यांनी आणखी एक खुर्ची घडविली. चार फळ्या, तीन कोन आणि इंग्रजी झेड या अक्षरासारखा आकार. या ‘झिगझॅग’ खुर्चीला पायच नाहीत. पाहणाऱ्याला ती खोक्याच्या खुर्चीहूनही सोपी वाटते. प्रत्यक्षात ती अनुभवी सुताराचीही परीक्षा पाहते. बसणाऱ्याचे सारे वजन दोन तिरक्या कोनांवर येते आणि ते कोन मिटू पाहतात. त्यासाठी आतून त्रिकोणी पाचरी द्याव्या लागल्या, तर बैठक आणि पाठ यांच्यामध्ये डव्हटेल सांधा करावा लागला. दिसण्यातील साधेपणा आणि करण्यातील सोपेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा हा उत्तम दाखला. रीटवेल्ड यांना दोन्ही साधत होते. नवशिक्याच्या हाती मात्र त्यांनी दुसऱ्या प्रकारची वस्तू दिली.

युद्ध आणि उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात गेला. नाझी राजवटीने कलावंतांसाठी स्थापन केलेल्या संस्थेचे सदस्य झाल्याशिवाय व्यवसाय करण्यास मुभा नव्हती. रीटवेल्ड यांनी सदस्यत्व नाकारले आणि त्याबरोबर उघडपणे काम करण्याची संधीही गमावली. युद्धानंतरही मोठ्या सरकारी कामांसाठी त्यांना बरीच वाट पाहावी लागली. १९५० च्या दशकात मात्र चित्र पालटले. व्हेनिसच्या कलाप्रदर्शनातील डच दालन, आर्नेम येथील शिल्पांसाठीचे दालन ही त्यांची कामे नावाजली गेली. १९५७ मध्ये पत्नीचे निधन झाल्यानंतर ते श्रोडर यांच्या घरी राहावयास गेले. १९६३ मध्ये अॅमस्टरडॅम येथील व्हान गॉग संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले. लहानपणीच शाळा सुटलेल्या या माणसाला १९६४ मध्ये डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी २५ जून रोजी, शहात्तरावा वाढदिवस साजरा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांचे निधन झाले. संग्रहालयाची इमारत सहकाऱ्यांनी पूर्ण केली आणि ती १९७३ मध्ये लोकांसाठी खुली झाली. अॅमस्टरडॅमच्या कलाशिक्षण संस्थेला १९६८ पासून त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वारसा कोणाचा?

रीटवेल्ड यांच्या वारशात एक विसंगती आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. सर्वसामान्यांसाठी स्वस्तात बनावी म्हणून आखलेली लाल-निळी खुर्ची त्यांच्या हयातीत कारखान्यातून मोठ्या संख्येने कधी निघालीच नाही. ती दुकानात एक-एक करून हातानेच बनत राहिली. १९७० च्या दशकात इटलीतील कासिना कंपनीने अधिकृत हक्क घेऊन तिचे उत्पादन सुरू केले, तेव्हा ती संग्राहकांची महागडी वस्तू झाली होती. जुन्या प्रती संग्रहालयांत पोहोचल्या. युट्रेक्टचे सेंट्रल म्युझियम आणि न्यूयॉर्कचे आधुनिक कला संग्रहालय येथे ती पाहावयास मिळते. तिला स्पर्श करण्यास अर्थातच मनाई असते.

खोक्याच्या फर्निचरचे भाग्य निराळे ठरले. त्याच्या जुन्या प्रतीही आज संग्रहालयांत आहेत; परंतु ती कल्पना काचेआड बंद झाली नाही. सुटे भाग घरी नेऊन जोडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या फर्निचर व्यवसायाचा भाग बनली. रीटवेल्ड यांच्या फर्निचरची मोजमापांसह आरेखने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली असून, त्यांवरून हौशी मंडळी घरच्या घरी खुर्च्या बनवितात. मालवाहतुकीच्या टाकाऊ फळ्यांपासून बाके आणि टेबले करणाऱ्यांची संख्याही आज जगभर मोठी आहे. त्यांतील अनेकांना रीटवेल्ड हे नावही ठाऊक नसेल.

सुताराच्या मुलाने सुतारकामातील गुपिते कमी करीत नेली, याला व्यवसायाचे नुकसान म्हणावे की विस्तार, याविषयी त्या काळी मतभेद होते. निष्णात कारागिराची गरज त्यामुळे संपली नाही. झिगझॅग खुर्चीचा डव्हटेल सांधा आजही जाणत्या हातानेच होतो. मात्र ज्याला कारागीर परवडत नाही, त्यानेही सामान नाही म्हणून जमिनीवर बसून राहू नये, एवढी सोय रीटवेल्ड यांनी करून ठेवली. त्यासाठी लागतात चार सरळ फळ्या, मूठभर स्क्रू, एक गुण्या आणि सुट्टीचा एक दिवस.