आपली चुकलेली तपासणी लिहून ठेवणारा हकीम : अबू बक्र राझी

हकीम राझींचं नाव आपल्या घरांत तसं अनोळखी नाही. मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्यावर एखादी ओळ असते, की देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे त्यांनी स्पष्ट करून सांगितलं. ती ओळ पाठ होते, परीक्षेत एक मार्क मिळतो आणि विषय संपतो. पण आज जेव्हा आपण दवाखान्यात चुकीचं इंजेक्शन, चुकीचं निदान, कुणी नीट विचारपूसच केली नाही अशा तक्रारी ऐकतो, तेव्हा राझींचं आयुष्य पुन्हा उघडून पाहावंसं वाटतं. रुग्णालयात माणूस सुरक्षित कसा राहील, हा प्रश्न त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता.

पूर्ण नाव अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया. जन्म हिजरी २५१ मध्ये, म्हणजे इसवी सन ८६५ मध्ये, इराणातल्या रय शहरात. आजच्या तेहरानला लागूनच हे जुनं शहर होतं. रयचा म्हणून राझी. या तारखा आपल्याला अल-बिरूनीमुळे माहीत आहेत. त्यांनी राझींच्या ग्रंथांची यादी करून ठेवली आणि त्या यादीत सुमारे १८४ नावं आहेत.

तरुणपणी राझींना संगीताची आवड होती, नंतर किमयाशास्त्राचा नाद लागला. वैद्यकाकडे ते वळले तेव्हा वयाची तिशी उलटून गेली होती. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. दहावी-बारावीत गाडी चुकली म्हणजे सगळं संपलं, असं समजणाऱ्या पालकांनीही ते ऐकायला हरकत नाही.

पुढे ते रयच्या बीमारिस्तानचे प्रमुख झाले आणि मग बगदादच्या. बीमारिस्तान म्हणजे आजच्या भाषेत रुग्णालय. बीमार हा शब्द तर आपल्या रोजच्या बोलण्यातलाच आहे.

राझींच्या बगदादबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते. रुग्णालयासाठी जागा निवडायची होती, म्हणून त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथे मांस सर्वांत उशिरा सडलं ती जागा निवडली. गोष्ट छान आहे, पण जपून सांगायला हवी. ज्या अदुदी रुग्णालयाशी ती जोडतात ते ९८२ च्या सुमारास सुरू झालं आणि राझींचा इंतकाल ९२५ चा. तेराव्या शतकात हकिमांची चरित्रं लिहिणारे इब्न अबी उसैबिआ यांनाही हा घोळ दिसला होता. राझींचा मोठेपणा सांगायला अशा गोष्टींची गरजही नाही. त्यांच्या स्वतःच्या नोंदी त्यासाठी पुरेशा आहेत.

शागिर्दांची वर्तुळं

राझी रुग्ण कसे तपासत, याचं वर्णन इब्न नदीम यांनी करून ठेवलंय. मजलिसमध्ये राझी बसलेले. त्यांच्याजवळ त्यांचे शागिर्द, त्या शागिर्दांच्या पलीकडे त्यांचे शागिर्द, आणि त्याहून बाहेर आणखी नवखी मंडळी. रुग्ण आला की आपली तक्रार आधी सर्वांत बाहेरच्या वर्तुळाला सांगायचा. त्यांना उत्तर माहीत असेल तर काम तिथेच भागायचं. नसेल तर तो आतल्या वर्तुळाकडे जायचा. तिथेही सुटलं नाही तर शेवटी खुद्द राझी बोलायचे.

शिक्षक म्हणून आम्हाला ही पद्धत फार भावते. एक तर शिकणारा खऱ्या रुग्णासमोर शिकतो, नुसत्या पुस्तकासमोर नाही. दुसरं असं की आपल्याला जमत नसेल तर वरच्याला विचारायचं, यात लाज वाटण्यासारखं काही उरत नाही, कारण ती रीतच ठरलेली. आणि नवख्याचं चुकलं तर ते ऐकणारे जाणकार कान जवळच असतात. आजच्या मोठ्या रुग्णालयातसुद्धा रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरने वरिष्ठाला फोन करायचा की नाही, यावर कधी कधी रुग्णाचा जीव अवलंबून असतो. राझींच्या मजलिसमध्ये तो प्रश्न बसण्याच्या रचनेनेच सोडवला होता.

गरिबांशी ते फार मायेनं वागत, त्यांना पदरचे पैसेही देत, असंही इब्न नदीम सांगतात. ज्यांच्या गावात हकीमच नाही अशांसाठी राझींनी एक वेगळं पुस्तक लिहिलं आणि त्यात सहज मिळणाऱ्या वस्तूंचे इलाज दिले. लोक जाणकार हकीम सोडून भोंदूंच्या मागे का जातात, यावरही त्यांचा एक निबंध होता.

एक न विचारलेला प्रश्न

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. राझी रुग्णांच्या नोंदी ठेवत. कोण आला, काय तक्रार होती, काय दिलं, पुढे काय झालं. अब्दुल्ला बिन सवादा नावाच्या रुग्णाची अशीच एक नोंद आजही वाचायला मिळते.

या माणसाला ताप यायचा, पण त्याचा काही नेम नव्हता. कधी रोज, कधी एक दिवस आड, कधी चौथ्या दिवशी, कधी सहा दिवसांनी. आधी थोडी थंडी वाजायची. लघवीलाही सारखं जावं लागायचं. राझींच्या मनात दोन शंका होत्या. एक, हा पाळीचा ताप असेल. दोन, मूत्रपिंडात जखम असेल. या रुग्णाला पूर्वी पाळीचा ताप येऊन गेलेला होता, त्यामुळे त्यांचं मन पहिल्या शंकेकडे झुकलं. थोड्याच दिवसांत लघवीतून पू आला आणि दुसरी शंका खरी ठरली. मग उपचारांची दिशा बदलली आणि रुग्ण बरा झाला.

म्हणजे शेवट गोड झाला होता. दुसरा कुणी असता तर आपल्या औषधाचं कौतुक लिहून मोकळा झाला असता. राझींनी मात्र आपलं कुठे राहून गेलं ते लिहिलं. उभं राहिल्यावर कंबरेत जडपणा वाटतो का, हा प्रश्न त्या माणसाला विचारायला हवा होता. त्याने आपण होऊन सांगितलं नाही आणि राझी विचारायला विसरले. सारखी लघवी होते यावरूनही संशय बळकट व्हायला हवा होता. पण त्याच्या वडिलांनाही मूत्राशयाच्या कमजोरीचा त्रास होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बघा, यात कारणं आहेत पण पळवाट नाही. त्या काळातला नावाजलेला हकीम, ज्याच्या शब्दावर खलिफाच्या शहरातलं रुग्णालय चालायचं, तो पुढच्या शागिर्दांसाठी लिहून ठेवतो की माझ्याकडून एक प्रश्न राहिला. आम्हाला त्यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा ही अर्ध्या पानाची नोंद मोठी वाटते. चूक लपवली की ती पुढच्या रुग्णाच्या वाट्याला पुन्हा येते. लिहून ठेवली की निदान वाचणारा तरी सावध होतो.

पुस्तकापेक्षा रुग्ण खरा

त्या काळी ग्रीक वैद्य जालिनूस यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. राझी त्यांना उस्ताद मानत, पण त्यांच्यावर शंका घेणारा ग्रंथही त्यांनीच लिहिला. आपल्या रुग्णालयांतल्या तापाच्या रुग्णांची गत पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होते का, हे त्यांनी पडताळून पाहिलं. जे पुस्तकाप्रमाणे चालले नाहीत त्यांची संख्याही कमी नव्हती.

मेंदूला सूज आणणाऱ्या आजाराला तेव्हा सरसाम म्हणत. डोकं आणि मान दुखणं, उजेड नकोसा होणं, झोप न लागणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं. अशा काही रुग्णांचं रक्त काढण्याचा उपचार राझींनी केला, आणि काहींचा मुद्दाम केला नाही, म्हणजे दोन्ही गटांत फरक पडतो का ते दिसेल. त्यांचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूने गेला, जो आजचं वैद्यक मान्य करणार नाही. मुद्दाम उपचार न देणंही आज कुणी परवानगीशिवाय करू शकत नाही. तरीपण उपचाराचा खरंच उपयोग होतो का, हे उपचार न मिळालेल्या रुग्णांशी ताडून बघायचं, हा विचार तिथे स्पष्ट दिसतो. पारा पोटात गेला तर काय होतं, हे त्यांनी आधी माकडावर पाहिलं होतं.

म्हातारपणी राझींची नजर गेली. रयमध्येच हिजरी ३१३ मध्ये, म्हणजे ९२५ मध्ये, त्यांचा इंतकाल झाला. मागे त्यांच्या टिपणांचा ढीग राहिला. इब्न अमीद नावाच्या वजिराने ती टिपणं राझींच्या बहिणीकडून मिळवली आणि शागिर्दांकडून त्यांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तोच किताबुल हावी. १२७९ मध्ये सिसिलीत फरज बिन सालिम या ज्यू हकिमाने त्याचं लॅटिन भाषांतर पूर्ण केलं, आणि युरोपातले डॉक्टर पुढची काही शतकं तो वाचत राहिले. मूळ अरबी ग्रंथ मात्र छापला गेला तो आपल्या शेजारी, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफमध्ये, १९५५ पासून, २३ भागांत. तेव्हा आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता.

राझींचं नाव अभिमानानं घ्यायला हरकत नाही. पण त्यांच्याकडून काही घ्यायचं असेल तर घरात एक फाईल करा. अब्बांचे, अम्मींचे, मुलांचे जुने केसपेपर, रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं, कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती, घरात कुणाला कुठला जुना आजार आहे, हे सगळं त्यात ठेवा. दवाखान्यात जाताना ती सोबत न्या. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी आपण होऊन सांगा. अब्दुल्ला बिन सवादाने कंबर जड वाटते एवढं सांगितलं असतं, तर त्याचे तापाचे कितीतरी दिवस वाचले असते. आणि आपल्या घरातलं कुणी डॉक्टर, नर्स किंवा फार्मासिस्ट होत असेल, तर त्याला राझींची ती अर्ध्या पानाची नोंद जरूर सांगा.